राजा सही करतो, पण कोणाच्या सांगण्यावरून?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या राजाबद्दल आपल्या पेपरांमध्ये जे छापून येतं ते मुकुट, राजवाडा, लग्नं आणि घरातली भांडणं याच्या पुढे फारसं जात नाही, आणि सुट्टीला घरी आलो की ओळखीतली माणसं मला दोनच गोष्टी ऐकवतात, एक तर "आजच्या काळात कसला राजा, नुसता लोकांच्या पैशावर बसलाय" नाहीतर मग "राजाच बरा हो, एकहाती कारभार तरी होतो". मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीमुळे बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतोय, आणि मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, कारण तिथला कारभार रोजच्या रोज नेमका चालतो कसा हे दोन्हींत येतच नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. मोठं झालंय, जागा नसेल तर कापा, पण शेवटचा राज्यपालांबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्यायला हवं की ब्रिटनमध्ये कागदावर सगळं राजाचं आहे. सरकार राजाचं, मंत्री राजाचे, कायद्याला मंजुरी राजाची, पार्लमेंट बोलावणार राजा आणि बरखास्त करणार तोही राजाच. पण यातलं जवळजवळ काहीही तो स्वतःच्या मनाने करत नाही. पंतप्रधानाने सल्ला दिला की तो मानायचाच, आणि पंतप्रधान कोण तर हाउस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे लोकांनी निवडलेल्या खालच्या सभागृहाच्या, ६५० खासदारांमध्ये ज्याच्या मागे बहुमत उभं राहील तो. म्हणजे राजाची सही दिसली की खरा प्रश्न असा पडला पाहिजे की ही सही कोणाच्या सांगण्यावरून झाली आणि ज्याने सांगितलं त्याला उद्या घरी कोण पाठवू शकतं. मला या सगळ्या पत्रात एवढंच सांगायचंय, बाकी जे लिहितोय ते त्याचीच उदाहरणं आहेत.

नोव्हेंबर २०२३ चं बघा. चार्ल्स राजा झाल्यावर पार्लमेंटच्या उद्घाटनाचं त्याचं पहिलं भाषण होतं. हा माणूस तरुणपणापासून, म्हणजे पर्यावरण हा विषय कोणी फारसा बोलत नव्हतं तेव्हापासून, निसर्ग आणि हवामान यावर बोलत आलाय, त्यासाठी त्याने टीकाही सोसलीय. आणि त्या दिवशी सिंहासनावर बसून, डोक्यावर मुकुट घालून त्याने वाचलं काय तर माझं सरकार उत्तर समुद्रात तेल आणि गॅस काढायला दरवर्षी नवीन परवाने द्यायचा कायदा आणणार आहे. कारण ते भाषण राजाचं नसतंच, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या सरकारने लिहून दिलेलं होतं. पुढच्या जुलैत सरकार बदललं, तोच राजा, तोच मुकुट, आणि १७ जुलै २०२४ ला त्याने मजूर पक्षाच्या स्टार्मर सरकारचं भाषण वाचलं ज्यात सरकारी मालकीची स्वच्छ ऊर्जेची कंपनी काढायचं होतं. तेलाच्या परवान्यांचं ते विधेयक तर निवडणूक लागल्यावर पडलंच. दोन्ही वेळा त्याचा आवाज एकसारखा होता. ज्याला आपण शोभेचं म्हणून सोडून देतो त्या समारंभात मला खूप मोठी गोष्ट दिसते, की देशातला सगळ्यात मानाचा माणूस स्वतःचं मत बाजूला ठेवून लोकांनी निवडलेल्यांचं म्हणणं वाचून दाखवतोय.

आणि हे त्याच्या पूर्वजांनी काही मोठ्या मनाने दिलेलं नाही, लोकांनी ते घेतलंय. मुद्दा होता पैशाचा. राजाला लढाया करायच्या तर कर हवा आणि कर लावायला पार्लमेंट हवं. पहिल्या चार्ल्सने पार्लमेंट बाजूला ठेवून ११ वर्षं कारभार करून बघितला, मग ४ जानेवारी १६४२ ला सैनिक घेऊन तो स्वतः कॉमन्समध्ये घुसला, पाच खासदारांना पकडायला. ते आधीच निसटले होते, आणि सभापती लेन्थॉलने त्याच्या तोंडावर सांगितलं की हे सभागृह मला जे सांगेल त्यापलीकडे मला डोळेही नाहीत आणि जीभही नाही. सात वर्षांनी, जानेवारी १६४९ मध्ये, त्या राजाचं डोकं उडवलं गेलं. तेव्हापासून राजा कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवत नाही, आजही उद्घाटनाच्या दिवशी राजाचा अधिकारी बोलवायला येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार आपटून बंद करतात, तो काठीने तीनदा ठोकतो आणि मगच दार उघडतं. मग १६८९ चा हक्कांचा कायदा आला, पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय कर नाही आणि शांततेच्या काळात पार्लमेंटला न विचारता सैन्य ठेवायचं नाही. तिथे खरी चावी फिरली. पार्लमेंटने पास केलेल्या कायद्याला शेवटचा नकार दिला तो ॲन राणीने, १७०८ मध्ये, आणि तोही तिच्या मंत्र्यांच्याच सल्ल्याने असं मानतात. त्यानंतर ३०० वर्षांत एकदाही नाही.

आता सत्ता बदलते कशी ते सांगतो, कारण आपल्याकडच्या लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवर मीसुद्धा मतदार आहे. ४ जुलै २०२४ ला गुरुवारी मतदान झालं, ओळखपत्र म्हणून माझा भारतीय पासपोर्ट चालला, कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल. रात्री १० ला मतदान संपलं, रात्रभर हाताने मोजणी, आणि सकाळ होईपर्यंत मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळाल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं. शुक्रवारी सकाळी सुनक बकिंगहॅम पॅलेसला गेले, राजीनामा दिला, थोड्या वेळाने स्टार्मर गेले, राजाने सरकार बनवायला सांगितलं आणि दुपारी ते डाउनिंग स्ट्रीटला, पंतप्रधानांच्या घराच्या दारात उभे राहून बोलत होते. मतदानाची वेळ संपून १५ तासही झाले नव्हते. संध्याकाळपर्यंत कॅबिनेटही ठरलं. आमदारांना हॉटेलात नेऊन ठेवणं नाही, बसेस नाहीत, कोणाच्या गायब होण्याच्या बातम्या नाहीत.

अर्थात हे स्पष्ट बहुमत होतं म्हणून सोपं गेलं. पण २०१० मध्ये कोणालाच बहुमत नव्हतं तेव्हासुद्धा जुने पंतप्रधान गॉर्डन ब्राउन पाच दिवस पदावर थांबले, पक्षांच्या वाटाघाटी उघडपणे चालू होत्या, आणि राणीला त्यात ओढायचं नाही यावर सगळ्या पक्षांचं एकमत होतं. कोणाकडे आकडा आहे हे पक्षांनी आपसात ठरवलं, मग ११ मे ला ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि राणीने कॅमेरॉन यांना बोलावलं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, खाली राज्यपालांकडे येईन तेव्हा आठवा.

आणि पंतप्रधान आला तसा जाऊही शकतो, पाच वर्षं कोणी लिहून दिलेली नाहीत. जेम्स कॅलाहन यांचं सरकार २८ मार्च १९७९ ला एका मताने पडलं, ३११ विरुद्ध ३१०. त्यांच्या पक्षाचा एक खासदार इतका आजारी होता की त्याला त्या अवस्थेत लंडनला आणायचं नाही असं कॅलाहन यांनी ठरवलं, त्याच्या जिवाला धोका होता. आणला असता तर कदाचित सरकार वाचलं असतं. त्यानंतरच्या निवडणुकीत थॅचर आल्या आणि पुढची ११ वर्षं राहिल्या, आणि त्यांनासुद्धा शेवटी मतदारांनी नाही तर स्वतःच्याच खासदारांनी घालवलं. लिझ ट्रस तर ६ सप्टेंबर २०२२ ला पंतप्रधान झाल्या, राणी एलिझाबेथने बालमोरलला त्यांची नेमणूक केली, दोनच दिवसांनी राणी गेली, आणि ट्रस यांचं करकपातीचं बजेट इतकं अंगाशी आलं की ऑक्टोबर संपायच्या आत त्याही गेल्या. एका वर्षात तीन पंतप्रधान, आधी राणी आणि मग राजा, आणि एवढं होऊन सरकारी कारभार चालू होता, पगार होत होते. कोणाला हे अस्थिर वाटेल. मला उलट वाटतं की चुकलेल्या माणसाला सात आठवड्यांत बाजूला करता येणं ही या पद्धतीची ताकद आहे, आणि अमेरिकेत अशी सोय नाही हे आपण बघतोच.

पण मी काही भाट नाही, या पद्धतीत मला सतावणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे ब्रिटनमध्ये एका जागी लिहिलेली राज्यघटना नाही, बऱ्याचशा गोष्टी प्रथेवर चालतात, म्हणजे माणसं नीट वागतील या भरवशावर. पंतप्रधान नीट वागला नाही तर? ते २०१९ मध्ये दिसलं. ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायची, तारीख तोंडावर आलेली आणि बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला दिला की पार्लमेंट पाच आठवडे स्थगित करा. राणी नाही म्हणू शकत नव्हती, तिने २८ ऑगस्टला आदेश दिला. खासदारांची तोंडं बंद झाली. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ सप्टेंबरला ११ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हा सल्लाच बेकायदा होता, त्यामुळे त्यावर निघालेला आदेशही कोऱ्या कागदासारखा, पार्लमेंट कधी स्थगित झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉमन्स पुन्हा बसलं. कोर्टाने राणीला दोष दिला नाही, सल्ला देणाऱ्याला पकडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण कोर्टात जायला कोणीतरी उभं राहिलं म्हणून हे झालं, आणि कोर्ट प्रत्येक वेळी एवढ्या वेळेत निकाल देईलच असं कुठे लिहिलंय.

दुसरी गोष्ट, पंतप्रधानाच्या हातात फारच सत्ता साठते. २०२४ मध्ये मजूर पक्षाला मतं मिळाली सुमारे ३४ टक्के आणि जागा ६५० पैकी ४११. तिसऱ्या हिश्श्याच्या मतांवर जवळपास दोन तृतीयांश सभागृह. वरच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, कोणी निवडून येत नाही आणि १९११ च्या कायद्यानंतर ते फक्त उशीर करू शकतं, अडवू शकत नाही. ते योग्यच आहे म्हणा. पण मग पंतप्रधानाला आवरणार कोण तर त्याच्याच पक्षाचे खासदार, दर बुधवारी दुपारी १२ वाजता उभं राहून उत्तरं द्यावी लागतात तो अर्धा तास, आणि कोर्ट.

तिसरी गोष्ट राजाचीच. राजाला पंतप्रधानाचा सल्ला मानावा लागतो पण आठवड्यातून एकदा तो पंतप्रधानाला एकटा भेटतो, त्याचं टिपण कुठे निघत नाही. १९ व्या शतकातला पत्रकार बॅजट म्हणून गेला की राजाला तीनच हक्क, त्याला विचारलं जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि धोक्याची सूचना देण्याचा. ठीक आहे, पण राजघराण्याच्या मालमत्तेला किंवा अधिकारांना धक्का लावणारं विधेयक असेल तर ते पास व्हायच्या आधी राजाची संमती घ्यावी लागते, ही प्रथा लोकांना माहीतच नसते, आणि राजाशी झालेला पत्रव्यवहार माहितीच्या अधिकारात मिळत नाही. चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना पत्रं लिहायचा, ती २०१५ मध्ये बाहेर आली तीही सुप्रीम कोर्टापर्यंत भांडल्यावर. जो माणूस निवडून येत नाही त्याचा शब्द बंद दाराआड कितपत चालतो हे लोकांना कळलंच पाहिजे, यात मला तडजोड मान्य नाही.

म्हणून मला ब्रिटनपेक्षा स्वीडनची पद्धत जास्त आवडते. तिथेही राजा आहे, पण १९७४ च्या घटनेने त्याच्याकडून उरलेसुरले अधिकारही काढून घेतले, तो कायद्यावर सही करत नाही आणि पंतप्रधानही नेमत नाही. पंतप्रधानाचं नाव सभापती सुचवतात आणि ३४९ जणांच्या सभागृहात त्याच्या विरोधात बहुमत नसेल तर तो झाला पंतप्रधान. चार वेळा नावं नाकारली गेली तर पुन्हा निवडणूक. सगळं लिहिलेलं आहे, कोणाच्या मर्जीवर काही नाही. जपानमध्ये सम्राट पंतप्रधान नेमतो पण नाव संसदेने ठरवलेलं असतं, त्याने फक्त नेमायचं. बेल्जियमचा किस्सा तर अजबच आहे. १९९० मध्ये तिथल्या संसदेने गर्भपाताचा कायदा पास केला, राजा बोद्वँ श्रद्धाळू कॅथलिक, त्याने सांगितलं माझ्या सदसद्विवेकाला हे पटत नाही, मी सही करणार नाही. आता काय करायचं? मंत्रिमंडळाने घटनेतलं एक कलम वापरून राजा तात्पुरता राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला पुन्हा गादीवर बसवलं. राजाचं मनही राखलं आणि लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदाही अडला नाही. मला त्या राजाबद्दल आदर वाटतो, पण त्या मंत्रिमंडळाबद्दल जास्त.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण द्यायलाच हवं, आमच्याच जिल्ह्यातलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने घटना जाहीर करून आपला कारभार लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हातात दिला, पाया गावच्या पंचायतीपासून घातला. आजूबाजूची संस्थानं अजून दरबार भरवत होती तेव्हाची ही गोष्ट. सूर्यनमस्कारांमुळे त्यांचं नाव लोकांना माहीत असतं, पण शाळेच्या पुस्तकात औंधच्या घटनेवर एक पूर्ण धडा असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आता राज्यपाल. हे सगळं आपल्याशी का जोडलेलं आहे ते सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० पर्यंत आपणही कागदोपत्री सहाव्या जॉर्जच्या राज्यातच होतो, गव्हर्नर जनरल त्याच्याच नावाने बसायचे. मग आपण प्रजासत्ताक झालो, राजा गेला, पण रचना आपण वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या पद्धतीचीच ठेवली. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्वच्छ सांगितलं होतं की आपल्या राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे, ते राज्याचे प्रमुख आहेत पण कारभाराचे नाहीत. आणि त्याच भाषणात ते म्हणाले की अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि आपण जबाबदारीला जास्त महत्त्व देतोय, कारण इथे सरकारचा हिशेब रोजच्या रोज होतो, प्रश्नांनी, ठरावांनी. राज्यात राज्यपाल त्याच जागी आहेत. फरक इतकाच, आणि हा फरक फार मोठा आहे, की इंग्लंडच्या राजाला कोणी नेमत नाही आणि कोणी काढत नाही, आपल्या राज्यपालांना मात्र केंद्र सरकार नेमतं आणि काढतंही. म्हणजे खुर्ची राजाची पण माणूस सत्तेतल्या पक्षाने पाठवलेला. कुठलाही पक्ष केंद्रात असो, हे तसंच चालत आलंय.

महाराष्ट्रातला नोव्हेंबर २०१९ आठवा. २३ तारखेला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा न होता पंतप्रधानांच्या विशेष अधिकारात तो निर्णय झाला, आणि लोक झोपेतून उठायच्या आत मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. कोणाकडे किती आमदार ते सभागृहात मोजलं गेलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने बहुमत चाचणी घ्या म्हटल्यावर त्याच दिवशी, २६ ला, राजीनामा आला. मग विधान परिषदेच्या राज्यपालांनी नेमायच्या १२ जागांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये नंतर आलेल्या सरकारच्या मंत्रिमंडळाने पाठवली, ती राज्यपालांकडे सरकार बदलेपर्यंत पडून राहिली, हो नाही आणि नाही पण नाही. आणि जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं त्याबद्दल ११ मे २०२३ ला घटनापीठाने म्हटलं की सरकारने विश्वास गमावला असं ठरवायला राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही. निकाल लागेपर्यंत दहा महिने उलटून गेले होते. लंडनचा निकाल आदेश निघाल्यापासून महिन्याच्या आत लागला होता, आणि म्हणून त्याचा उपयोग झाला.

मी इथे कुठल्या पक्षाची बाजू घेत नाहीये, कृपया तसं समजू नका. माझं म्हणणं एवढंच की स्वीडनने जसं राजाच्या बाबतीत सगळं लिहून टाकलं तसं आपणही राज्यपालांच्या बाबतीत लिहून टाकावं, निकालानंतर किती दिवसांत कोणाला आणि कुठल्या क्रमाने बोलवायचं, मंत्रिमंडळाची शिफारस किती दिवसांत निकाली काढायची, बहुमत फक्त सभागृहातच आणि उघड मतदानानेच मोजायचं. यासाठी राजकीय पक्ष स्वतःहून पुढे येणार नाहीत कारण आज जो विरोधात आहे त्याला उद्या हीच खुर्ची वापरायची असते. पेपरवाल्यांनीच हे लावून धरायला हवं. निदान एवढं तरी करा, की पुढच्या वेळी राज्यपालांच्या कार्यालयातून एखादं पत्र निघालं तर ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघालंय की स्वतःच्या अधिकारात, आणि स्वतःच्या अधिकारात असेल तर घटनेच्या कुठल्या कलमाखाली, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापा.

कळावे,
आपला एक वाचक,
रेडिंग, इंग्लंड (मूळ जिल्हा सातारा)